दवाखान्यातील नोंदी आणि त्या शिकवणारी विद्यापीठे

(ऊसविकास विभागाकडून)



गेल्या दोन हंगामांपासून एक गोष्ट आमच्या ध्यानात येते आहे. गट ऑफिसात ऊसनोंदीला आलेला सभासद नोंद झाली की लगेच उठत नाही. चहा होतो, पाऊसपाण्याच्या गप्पा होतात आणि मग हळूच विषय निघतो, "साहेब, पोरगं बी.एस्सी. झालंय, आता पुढं काय करावं?" कोणाची मुलगी नर्सिंग करून घरी आहे, कोणाचा मुलगा डी. फार्मसी करून दुसऱ्याच्या दुकानात उभा आहे. त्यातच तालुक्याच्या गावी जाहिराती दिसू लागल्या आहेत, की सहा महिन्यांत दवाखान्याचा कॉम्प्युटर शिका आणि मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळवा. दोघा-तिघा सभासदांनी अशी माहितीपत्रके आमच्यापुढे टाकून विचारले, हे खरे की खोटे? तोंडी उत्तरे देण्यापेक्षा जरा खोलात जाऊन लिहावे, असे ठरवले.

ऊसविकास खात्याला दवाखान्याच्या शिक्षणात नाक खुपसायचे काय कारण, असे कोणी म्हणेल. कारण एवढेच की हा सारा व्यवसाय नोंदीचा आहे आणि नोंद म्हणजे काय, हे ऊस उत्पादकाला वेगळे सांगावे लागत नाही. लागणीची तारीख, उसाची जात, गट नंबर, क्षेत्र, पाण्याचे साधन एवढेच रकाने. पण फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस वहीत ऑक्टोबरचा पूर्वहंगामी म्हणून चढला, तर तोडीचा सगळा प्रोग्रॅम बिघडतो. कोवळा ऊस गव्हाणीत पडतो, उतारा घसरतो आणि त्याची चाट एकट्याला नाही, सगळ्या सभासदांना बसते. आता या नोंदी मोबाईलवर होतात, शेताच्या चारी कोपऱ्यांना फिरून क्षेत्र मोजले जाते. यंत्र चांगलेच आहे. पण को-८६०३२ कोणता आणि दुसरी जात कोणती, हे कांडे बघून ओळखणारा माणूस लागतोच. यंत्राला ते कळत नाही. जे बोट दाबाल तेच ते लिहून घेते.

दवाखान्याचे तसेच आहे. इंग्रजीत ज्याला हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी म्हणतात, त्याला आपण आरोग्य माहिती तंत्र म्हणू. केसपेपर काढण्यापासून ते डिस्चार्ज कार्ड हातात पडेपर्यंत रोग्याविषयी जे जे लिहिले जाते, म्हणजे रक्त-लघवीचे रिपोर्ट, एक्स-रे, दिलेली औषधे, केलेले ऑपरेशन, ते सगळे नीट नोंदवणे, सांभाळणे, पाहिजे त्याला पाहिजे तेव्हा देणे आणि नको त्याला न देणे, हे या माणसाचे काम. तो डॉक्टर नव्हे आणि नुसता टायपिस्टही नव्हे. वैद्यकी आणि कॉम्प्युटर या दोन बांधांच्या मध्ये उभा असलेला माणूस तो. फरक इतकाच, की उसाची नोंद चुकली तर पुन्हा शेतात जाऊन मोजता येते. माणूस दवाखान्यातून गेल्यावर मात्र मागे राहते ती फक्त नोंद.

आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. फवारणी करताना एखाद्याला विषबाधा होते. घाईघाईने दवाखान्यात नेतात, ती एमएलसी केस होते. जगभरातल्या दवाखान्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने रोगांची आणि मृत्यूच्या कारणांची एक यादी केली आहे. प्रत्येकाला एक अक्षर आणि आकडे दिले आहेत. त्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेला टी ६०.० हा आकडा आहे. पण एवढ्यावर भागत नाही. ते विष कसे गेले, त्याचा आकडा वेगळा लावावा लागतो. अपघाताने गेले तर एक्स ४८, स्वतःहून घेतले तर एक्स ६८ आणि नक्की सांगता येत नसेल तर वाय १८. लिहिणाराला एका आकड्याचा फरक. पण घरच्याला?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू आला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा आणि सर्पदंश हे दोन्ही त्यात बसतात, आत्महत्या बसत नाही. एप्रिल २०२३ पासून ही योजना विमा कंपनीमार्फत न राबवता अनुदान म्हणून राबवली जाते. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो. निर्णय काही नुसत्या त्या आकड्यावर होत नाही. पंचनामा असतो, पीएम रिपोर्ट असतो, व्हिसेराचा अहवाल असतो. पण रात्री दोन वाजता केसपेपरवर "औषध प्यायल्याचा इतिहास" असे चार शब्द कोणी न विचारता लिहिले, तर ते पुसायला विधवा बाईला किती खेटे घालावे लागतात, हे गावागावांतल्या लोकांनी पाहिलेले आहे. "काय झालं होतं? पंप पाठीवर होता का? वारं कुठून होतं? तोंडाला फडकं होतं का?" एवढे विचारून लिहिणारा माणूस तिथे पाहिजे. विचारायचे काय आणि लिहायचे कसे, हे शिकवल्याशिवाय येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणती औषधे एकत्र मिसळली होती, किती वेळ फवारणी चालली होती, हे दवाखान्यांच्या कागदावर जितके नीट असेल तितकेच पुढच्या चौकशीला हाती लागते.

सर्पदंशाचेही तेच. उसात घोणस, नाग, मण्यार आपल्याला नवे नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना सांगितले, की सर्पदंशाची प्रत्येक केस आणि मृत्यू कळवणे बंधनकारक करावे. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडाही जाहीर झाला होता. निम्मे म्हणजे कितीचे निम्मे? आधी मोजायला तर पाहिजेत! जिथे केसच नोंदली जात नाही, तिथे सर्पदंशाची लस किती पाठवायची हे वरच्या ऑफिसला कसे कळावे?

नीट नोंदीतून काय घडते, याचा एक मोठा दाखला आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉक्टरांचा आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे देहेड गावचे. १९७० च्या दशकात ते कोकणात, रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या परिसरात सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला होते. तिथे लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लेकरे मरत. डॉक्टरांनी रोग्याच्या उशाला बसून घाम किती, उलट्या किती, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब किती वर गेला आणि कधी खाली आला, हे तासातासाला लिहून ठेवले. त्या नोंदींवरचा त्यांचा लेख १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापून आला. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि विंचूदंशाचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, वही-पेनच होते. आम्हाला सांगायचे ते हेच, की आधी नोंद, मग यंत्र.

आता दुसरी बाजू. आपल्या गंगाखेड, पालम, जिंतूर भागातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून हजारो तोडणी मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातात, कोणी कर्नाटकात, काही आपल्याच कारखान्याच्या टोळ्यांत येतात. सहा महिने कोपीत राहायचे. बाई गरोदर असली तर पहिली तपासणी गावच्या उपकेंद्रात, दुसरी कुठल्या तरी कारखान्याच्या गावी, आणि बाळंतपण तिसरीकडे. आशाताईच्या रजिस्टरमध्ये ती "बाहेरगावी" म्हणून थांबते आणि ज्या गावी जाते तिथे ती नवीच असते. मधला धागा तुटतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या तोडणी कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. एवढी ऑपरेशने काही एका रात्रीत झाली नव्हती. वेगवेगळ्या दवाखान्यांत, वेगवेगळ्या वर्षी झाली आणि प्रत्येक ठिकाणी एक-एक कागद झाला. ते कागद कोणी एकत्र मांडून बघितले असते, तर आकडा आधीच ओरडला असता. समिती नेमून घरोघर जाऊन मोजावे लागले, यातच सगळे आले.

हा तुटलेला धागा जोडण्यासाठी सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशन काढले. १५ ऑगस्ट २०२० ला सहा केंद्रशासित प्रदेशांत सुरुवात झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर लागू झाले. त्यात प्रत्येकाला १४ आकडी आभा क्रमांक मिळतो. तो ऐच्छिक आहे, फुकट आहे, आधारवरून निघतो. या क्रमांकाला आपले रिपोर्ट जोडले गेले, की परभणीतला रिपोर्ट सांगलीच्या डॉक्टरला आपल्या परवानगीने दिसू शकतो. कल्पना उत्तम आहे. पण एक गोष्ट समजून घ्या. आभा क्रमांक काढला म्हणजे रिपोर्ट आपोआप त्यात जाऊन बसत नाहीत. कारखान्याचा सभासद नंबर मिळाला म्हणून ऊस आपोआप काट्यावर येतो का? दवाखान्यात कोणीतरी ते जोडावे लागते. दोन दवाखान्यांची कॉम्प्युटरची भाषा एक असावी लागते. एकाने वजन मणात लिहायचे आणि दुसऱ्याने टनात, असे चालत नाही. यासाठी केंद्र सरकारने २०१३ साली नियमावली काढली, २०१६ साली ती सुधारली. त्या कामाचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच सी-डॅकमध्ये आहे. हे जोडकाम करणारी शिकलेली माणसे मात्र गावोगाव पाहिजेत, आणि तिथेच अडते.

अमेरिकेतही तिथेच अडले होते. १७ फेब्रुवारी २००९ ला तिथे कायदा झाला आणि दवाखान्यांतले कागद जाऊन कॉम्प्युटर यावेत म्हणून सरकारने मोठा पैसा सोडला. यंत्रे येणार, पण चालवणार कोण? म्हणून २०१० साली नऊ विद्यापीठांना मिळून ३ कोटी २० लाख डॉलर देण्यात आले. कोलंबिया, ड्यूक, जॉन्स हॉपकिन्स, इंडियाना, मिनेसोटा ही त्यांतली काही. त्यांनी सहा प्रकारची माणसे तयार करायची होती. दवाखान्यातला हा बदल पुढे नेणारे डॉक्टर-नर्स, नोंदी सांभाळणारे आणि एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे पोचवणारे, माहितीची गुप्तता राखणारे, प्रोग्रॅम लिहिणारे, संशोधन करणारे आणि एकेका खास विषयातले जाणकार. याशिवाय तिथल्या छोट्या कॉलेजांतून सहा महिन्यांचे वर्ग निघाले. पण ते कोणासाठी, हे महत्त्वाचे. ज्याने आधीच दवाखान्यात किंवा कॉम्प्युटरच्या क्षेत्रात काम केले आहे, त्याला दुसरी बाजू शिकवण्यासाठी. नवख्या पोराला सहा महिन्यांत तयार करण्यासाठी नव्हे. आपल्याकडच्या जाहिरातवाल्यांनी नेमका हाच भाग गाळला आहे. सरकारी पैसा तिथे थोड्याच वर्षांचा होता, तरी काही विद्यापीठांत ते अभ्यासक्रम टिकून राहिले.

आपल्या देशात हे शिक्षण अगदीच नवे आहे, असेही नाही. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने दवाखान्याच्या नोंदींचे शिक्षण फार पूर्वीपासून दिले. केंद्र सरकारच्या आरोग्य माहिती खात्याने दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात आणि पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये वर्ग चालवले. नोंद अधिकाऱ्यासाठी एक वर्ष, नोंद तंत्रज्ञासाठी सहा महिने. पण हेही मुख्यतः दवाखान्यात आधीच नोकरीला असलेल्यांसाठी. महाराष्ट्रात सी-डॅकने पूर्वी आरोग्य माहिती तंत्राची पदव्युत्तर पदविका चालवली. पवईच्या आयआयटी मुंबईत २०२१ साली कोइता डिजिटल आरोग्य केंद्र निघाले. तिथे पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. आहे. ते दार उंच आहे, त्याला गणित पक्के लागते. आपल्या भागातला एखादा हुशार मुलगा तिथे पोचणार नाही असे नाही, पण सगळ्यांनी तिकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

सर्वसाधारण मुलामुलींसाठी जी वाट मोठी झाली, ती २०२१ च्या कायद्याने. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा असे त्याचे लांबलचक नाव आहे. डॉक्टर आणि नर्स सोडून दवाखान्यात काम करणाऱ्या व्यवसायांचे त्यात दहा गट केले आहेत. लॅबवाले, एक्स-रेवाले, फिजिओथेरपीवाले असे करत करत दहावा गट आहे आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा. म्हणजे जे काम काल "केसपेपर खिडकीवरचा माणूस" म्हणून गणले जात होते, त्याला आज कायद्याने स्वतंत्र व्यवसाय म्हटले आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने दहा विषयांचे देशभर एकसारखे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यांतही आरोग्य माहिती व्यवस्थापन आहे.

याच कायद्यातला एक आकडा प्रत्येक पालकाने पाठ करावा. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता मिळवायला किमान २,००० तासांचे शिक्षण लागते, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेले. आरोग्यसेवा व्यावसायिक या वरच्या पायरीसाठी किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. आता हिशेब करा. रोज सहा तास, महिन्याला २५ दिवस धरले, तरी सहा महिन्यांत होतात ९०० तास. प्रत्यक्षात क्लासवाले रोज दोन तास घेतात, म्हणजे ३०० तास. सहा महिन्यांचा वर्ग करून मुलगा कॉम्प्युटरवर बोटे चालवायला शिकेल, नाही असे नाही. तेवढ्यासाठी एमएस-सीआयटी आपल्या गावातही आहे. पण त्याला या कायद्याखालची मान्यता मिळणार नाही. माहितीपत्रकावर कितीही गोल शिक्के असोत.

दुसरी गोष्ट. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम पत्राद्वारे किंवा ऑनलाईन शिकवायला विद्यापीठांना मनाई केली आहे. तेव्हा "घरबसल्या पदवी, फक्त परीक्षेला या" असे कोणी सांगत असेल, तर पैसे खिशातच ठेवा. उसाची बिले निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये असे एजंट गावात फिरतात, हे आम्ही बघतो. खोडव्याच्या खताचे पैसे अशा ठिकाणी गेलेले पाहून वाईट वाटते.

मग खऱ्या अभ्यासक्रमात शिकवतात तरी काय? पहिल्यांदा शरीराची ओळख आणि रोगांची भाषा. डॉक्टरच्या घाईच्या अक्षरातले काय आणि का, हे कळायला पाहिजे. मग वर सांगितलेली आकड्यांची यादी आणि ती लावायचे नियम. याला कोडिंग म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे कोडिंग वेगळे, हे वेगळे. नाव एकच असल्याने पुष्कळ पालकांचा इथे घोळ होतो. या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे, तेव्हा आत्ता शिकणाऱ्याला दोन्ही माहीत असलेल्या बऱ्या. मग माहिती साठवण्याचे तंत्र आणि संख्याशास्त्र. मग दवाखान्याचे कायदे, मेडिकल क्लेम, सरकारी योजनांची कागदपत्रे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर बसणारे आरोग्यमित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. रेशन कार्ड आणि आधारच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला, की ऑपरेशन लांबते, हेही पाहिले आहे. ते प्रकरण पहिल्याच वेळी बिनचूक तयार करणे हासुद्धा शिकण्याचा विषय आहे.

आणि सगळ्यांत मोठा विषय गुप्ततेचा. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती ज्याची त्याच्या परवानगीशिवाय वापरायची नाही, हे त्याचे सार. गावाकडे याचे महत्त्व शहरापेक्षा जास्त आहे. शहरात कोणाला कोणाचे पडलेले नसते. इथे अमक्याच्या पोरीची कसली तपासणी झाली, हे संध्याकाळच्या आत पानटपरीवर पोचते आणि ठरलेले लग्न मोडते. नोंद ठेवणाराचे तोंड बंद पाहिजे आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड खिडकीला चिकटवून ठेवायचा नाही, हे शिकवावे लागते. हसू नका, असे चिकटवलेले कागद आम्ही पाहिले आहेत.

यातले बरेचसे प्रत्यक्ष दवाखान्यात राहूनच येते. जसे पुस्तक वाचून उसाला पाणी देता येत नाही, तसेच हे. म्हणून ज्या कॉलेजला स्वतःचे किंवा करार केलेले मोठे रुग्णालय नाही, तिथे हा विषय घेण्यात फारसा मतलब नाही. आपल्या जिल्ह्यात २०२३ साली परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांनी सुरू झाले. मेडिकल कॉलेज आले, की नोंदींचा स्वतंत्र विभाग लागतोच. नांदेडला शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्यातले वैद्यकीय आणि निमवैद्यकीय शिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येते, त्याची स्थापना १९९८ ची. आपल्या मुलांच्या बी.एस्सी., बी.सी.ए.च्या पदव्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या. तेव्हा चौकशी करताना कोणत्या विद्यापीठाकडे काय विचारायचे, याचा घोळ करू नये.

हे शिक्षण कोणी घ्यावे? आमचे स्पष्ट मत असे, की बारावी सायन्स झालेल्या आणि अक्षराला, आकड्याला चिकाटी असलेल्या मुलामुलींनी पदवीचा विचार करावा. नर्सिंग किंवा डी. फार्मसी झालेल्यांची अर्धी वाट आधीच चालून झाली आहे. त्यांना रोगांची भाषा येते, कॉम्प्युटरची बाजू तेवढी शिकायची राहते. कॉम्प्युटर झालेल्या मुलाला उलटे. त्याने चार महिने दवाखान्यात काढावेत आणि मगच ठरवावे. रक्त, रडारड, वास सहन होत नसेल तर नाद सोडावा. मुलींना हे काम फार चांगले जमेल, असे आम्हाला वाटते. महिला सभासदांनी हे मनावर घ्यावे. डॉक्टरचा पगार यात नाही, हेही सांगून ठेवतो. सुरुवातीला हातात येणारी रक्कम पाहून कोणी म्हणेल, यापेक्षा दहा गुंठे भाजीपाला बरा. पण काम अंगात मुरल्यावर हॉस्पिटल, विमा कंपनी, सरकारी योजना, सॉफ्टवेअर कंपनी अशा चार ठिकाणी दार उघडते आणि यांतली दोन तरी दारे परभणी-नांदेडमध्येच आहेत.

प्रवेशाच्या आधी कॉलेजच्या खिडकीवर उभे राहून विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. पदवी किंवा पदविकेवर नाव कोणत्या विद्यापीठाचे येणार? तास एकूण किती आणि त्यांतले दवाखान्यात किती? दवाखाना कोणता, खाटा किती? २०२५ चा नवा अभ्यासक्रम लागू केला आहे का? मागच्या तुकडीतली मुले आज कुठे आहेत? याची उत्तरे लेखी मागावीत. "आधी फी भरा, मग सांगतो" म्हणाले, की पायात चप्पल घालावी.

माहितीपत्रके घेऊन सभासदांनी मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, मुख्य शेतकी ऑफिसात यावे. जमेल तितके आम्ही वाचून सांगू. टोळ्यांच्या मुकादमांनाही एक विनंती आहे. या हंगामात करार करताना आपल्या टोळीतल्या बायामाणसांचे आधार आणि मोबाईल नंबर बरोबर आणावेत. ज्यांची इच्छा असेल त्यांचा आभा क्रमांक प्राथमिक आरोग्य केंद्रात काढून घेता येईल. क्रमांक निघाला तरी दवाखान्याचे जुने कागद टाकू नयेत. डिस्चार्ज कार्ड आणि गरोदर बाईचे तपासणी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावे, कोपीच्या छपराला खोचू नये, दवाने भिजते.